काळी तीन

झेक भाषेत चांदोबाला काय म्हणतात हे मला पंचाहत्तरी उलटल्यावर कळलं. म्येसीचेक. आणि हाक मारायची असेल तर म्येसीच्कू. म्हणजे त्यांच्याकडेही संबोधन विभक्ती आहे! छत्तीस वर्षं पोरांकडून विभक्तीचे तक्ते पाठ करून घेतलेल्या बाईला याचा किती आनंद झाला असेल, ते मराठी शिकवणाऱ्यालाच कळेल.

ही माहिती दिली अक्काच्या नातवाने. अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तिच्या मुलीचा मुलगा झेक देशात ब्र्नो नावाच्या शहरात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. मला तो लहान आजी म्हणतो, कारण मोठी आजी अक्का. तो तिथे मित्रांबरोबर ऑपेरा बघायला गेला होता. ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच, फक्त त्यात मधे गद्य जवळजवळ नसतंच, सगळं गाऊनच बोलायचं. नाटकाचं नाव 'रुसाल्का'. त्यातलं चंद्राला उद्देशून म्हटलेलं पद फार प्रसिद्ध आहे. ते त्याने मला फोनवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "लहान आजी, ऐकून सांग. उदास आहे की आनंदी?"

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? पण ऐकल्यावर कळलं की प्रश्न बरोबर आहे.

रुसाल्का ही पाण्यातली परी. तिचा एका राजपुत्रावर जीव जडलाय. तो तळ्यावर पोहायला येतो, पण त्याला ती दिसत नाही, कारण ती नुसती लाट. तेव्हा ती चंद्राला म्हणते की बाबा, तू सगळीकडे फिरतोस, सगळ्यांच्या घरात डोकावतोस, तर त्याला माझा निरोप सांग. आणि शेवटी विनवते की आता मावळू नकोस. चंद्र अर्थातच ढगाआड जातो. मग ती चेटकिणीकडे जाते आणि माणूस होण्याचं मागणं मागते. चेटकीण म्हणते, होशील, पण वाचा जाईल. माणसांच्यात तू मुकी राहशील. ही कबूल होते! पुढच्या अंकात राजवाड्यात सगळे बोलतात, गातात आणि नायिका गप्प उभी. संगीत नाटकाची नायिका आणि मुकी. आपल्याकडे कुणा नाटककाराने असं केलं असतं तर मालकाने त्याला बिऱ्हाडासकट हाकललं असतं.

हे नाटक प्राग शहरातल्या राष्ट्रीय नाट्यगृहात 31 मार्च 1901 रोजी पहिल्यांदा झालं. संगीत आंतोनीन द्वोर्झाक यांचं, पदं यारोस्लाव क्वापिल यांची. ते नाट्यगृह लोकांनी वर्गणी काढून बांधलेलं. देश ऑस्ट्रियाच्या ताब्यात, दरबारात जर्मन भाषा, आणि यांना आपल्या भाषेत नाटक हवं होतं. 1881 मध्ये उघडलं, त्याच वर्षी जळलं, पुन्हा वर्गण्या काढून 1883 मध्ये उभं केलं. आपलं अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं 31 ऑक्टोबर 1880 ला. काळ तोच, आणि हौसही तीच. शकुंतलेची गोष्टही या परीपासून फार दूरची नाही. एक रानातली, एक पाण्यातली. दोघींच्या नशिबी विसरभोळा राजा.

जाता जाता सांगते, हे द्वोर्झाक रेल्वे इंजिनांचे वेडे होते. स्टेशनावर जाऊन गाड्या बघत बसायचे. त्यांना मूर्तिजापूरला आणायला हवं होतं. तिथून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी आमची शकुंतला धावायची. धावायची म्हणजे काय, चालायची. आता तीही बंद आहे.

असो. तर ते पद.

मी गाणारी नाही. आमच्या घरात गाणारी अक्का. पण बाबांची पेटी माझ्याकडे आहे आणि कोणतंही गाणं ऐकलं की त्याचा सा कुठला हे पेटीवर शोधायची मला खोड आहे. तशी फोन कानाशी धरून भाता हलवत बसले. पांढरी चार? नाही. पांढरी पाच? नाही. मग सापडला. काळी तीन! त्यांच्या शास्त्रात याला जी फ्लॅट मेजर म्हणतात, असं नातवाने कळवलं, आणि लिहिताना सहा कोमल खुणा घालाव्या लागतात. आपल्याला एवढं लिहायची गरज नाही. काळी तीनचा सा धरायचा आणि बिलावलाचे शुद्ध स्वर घ्यायचे. ती बाई आपल्या बायकांच्या मानाने जवळजवळ एक सप्तक वर गाते, एवढाच फरक. सुरुवातीला हार्पच्या तारांवरून कुणी बोटं फिरवल्यासारखं वाजतं, पाण्यावर चांदणं हलावं तसं. मग तीन-तीन मात्रांची झुलती चाल. आपल्या दादऱ्याच्या अंगाने जाते, पण फार संथ. त्यांनी वर लिहून ठेवलंय, लार्गेतो. म्हणजे विलंबित, पण अगदी विलंबित नाही. शेवटी विनवणीत लय थोडी उसळते आणि बाई वरच्या काळी पाचवर जाते. काळी तीनच्या सावरून तो तार सप्तकातला गंधार.

म्हणजे सगळे शुद्ध स्वर. कोमल गंधार नाही, कोमल धैवत नाही. आपल्या हिशेबाने प्रसन्न गाणं. पण ऐकताना पोटात कालवतं. नातवाला मी लिहिलं की स्वर आनंदी आहेत आणि लय उदास आहे.

त्याने मग चार-पाच जणींची तेच पद गायलेली रेकॉर्डिंगं पाठवली. मला सगळ्यांत भावली गाब्रिएला बेन्याच्कोवा. हिची झेक भाषा आईची भाषा असल्यासारखी वाटते. (नातू म्हणाला, ती स्लोव्हाक आहे. असू दे. आपल्याकडेही गोव्याच्या माणसांनीच मराठी नाटक गाऊन मोठं केलं.) कुणी पद साधारण पाच मिनिटांत संपवते, कुणी सहाच्या पुढे नेते. लय जशी लांबते तशी ती मुलगी बदलते. लवकर गाणारीला वाटतं की चंद्र निरोप सांगेल. सावकाश गाणारीला माहीत आहे की नाही सांगणार.

लयीने माणूस बदलतो हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. 1967 साली आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांनी एकच पद दोन घराण्यांच्या तोंडी घातलं आणि अभिषेकीबुवांनी त्याला दोन चाली दिल्या. पंडितजींच्या बाजूची शांत, पूजेला बसल्यासारखी. खाँसाहेबांची तडफदार, वीज खेळावी तशी. शब्द तेच, आणि माणसं दोन. खाँसाहेब झाले होते वसंतराव देशपांडे. त्यांचा जन्म मूर्तिजापूरचा, 1920 चा, हे आम्ही वऱ्हाडातले लोक कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

पण एक फरक आहे. तिकडे लय गाणारीच्या हातात थोडी तरी असते, सा मात्र नसतो. द्वोर्झाकने काळी तीन म्हटलं की जगभर काळी तीन, कारण मागे साठ-सत्तर वाजवणारे त्याच कागदावर बसलेले असतात. आपल्याकडे पट्टी गाणाऱ्याची. ज्याचा गळा जिथे बसेल तिथे त्याचा सा. तोच माणूस विशीत एका पट्टीत गातो, साठीत दुसऱ्या. म्हणजे आपल्याकडे पट्टी सांगितली की गाणाऱ्याचं थोडंसं वयही सांगून होतं, प्रकृतीही. हे मी नातवाला मोठ्या हुशारीने लिहून कळवलं. आणि त्या उत्तरातच मी अडकले.

कारण त्याचा पुढचा निरोप आला. "मग आजीची पट्टी कुठली होती?"

त्याचं असं झालं, की जानेवारीत तो भारतात आला होता तेव्हा माझ्याकडची एक कॅसेट घेऊन गेला होता. तिची त्याने फाईल केली होती. फाईल मला पाठवून तो विचारत होता की हा वेग बरोबर आहे का? जुन्या कॅसेट पुढेमागे होतात म्हणे.

कॅसेटवर अक्का आहे. एकच पद. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. अमरावतीला आमचं घर अंबागेटच्या आतलं. तिला गाणं शिकवायला एक गुरुजी यायचे आणि मी दारात बसून शेंगा खात ऐकायची. तिचा सा काळी चार. हे मला पक्कं आठवतं, कारण गुरुजी आले की पेटी उघडून आधी काळी चार दाबून धरायचे आणि म्हणायचे, "हं, लाव बाई." बालगंधर्वांची पदं नागपूर आकाशवाणीवर लागली की बाबा हातातलं काम टाकून बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते पद अक्काच्या गळ्यात. सगळ्यांत लाडकं 'नाथ हा माझा'. 1916 च्या 'स्वयंवर' नाटकातलं, खाडिलकरांचं, चाल भास्करबुवा बखल्यांची, राग यमन. रुक्मिणीचं पद. आणि रुक्मिणी म्हणजे आमच्याकडचीच ना! कौंडिण्यपूर आमच्या जिल्ह्यातलं, आणि श्रीकृष्णाने तिला नेलं ते अंबादेवीच्या देवळातून, असं अमरावतीत शेंबडं पोरही सांगेल. भावाने ठरवलेला शिशुपाल तिने नाकारला, आपला नवरा आपण ठरवला. त्या ठसक्याचं पद आहे ते. अक्का ठसक्यातच म्हणायची.

1966 मध्ये तिचं लग्न झालं. अकोल्याला, मोर्णेच्या पलीकडे जुन्या शहरात मोठा वाडा, माणसं भरपूर. मुलगा बाबांनी पाहिला होता. माणसं वाईट होती असं मी मुळीच म्हणणार नाही. तिला कुणी गाऊ नको म्हटलं नाही. गा असंही कुणी म्हटलं नाही, इतकंच. पेटी माहेरीच राहिली. अकोला ते अमरावती अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं, पण तिचं येणं व्हायचं वर्षातून एकदा, दिवाळीत, आणि तेव्हा लेकरं, फराळ, देणंघेणं यात आठ दिवस जायचे. मी विचारायची, "अक्का, म्हण ना एखादं." ती म्हणायची, "कायले वं आता?" आणि विषय संपायचा.

1984 ची दिवाळी. त्याच्या पुढच्याच आठवड्यात इंदिराबाई गेल्या, म्हणून ते साल पक्कं. तोपर्यंत बाबा गेले होते, पेटी माझ्या घरी आली होती. आमच्या ह्यांनी नवीन टू-इन-वन घेतला होता आणि दिसेल त्याचा आवाज भरून ठेवायचा नाद लागला होता. भाऊबीजेच्या दुपारी मी स्वयंपाकघरात दुसऱ्या घाण्याच्या चकल्या तळत होते. लाईट गेलेली. बाहेरून पेटीचा आवाज आला आणि मागोमाग अक्काचा. मी झारा तसाच हातात धरून उभी राहिले. बाहेर गेले नाही. बाहेर गेले तर ती थांबेल अशी भीती वाटली. चकल्या जळल्या.

अठरा वर्षांनी गायली ती. नंतर कधी गायली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. 2016 साली गेली.

त्या संध्याकाळी लाईट आल्यावर आम्ही ती कॅसेट लावली. काय सांगू! आवाज तसाच, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसारखा. तीच पट्टी, तोच ठसका. मी तिला म्हटलं, "अक्का, अगं काहीच गेलं नाही तुझं. जशीच्या तशी आहेस." ती हसली. काही बोलली नाही.

त्या वाक्यावर मी चाळीस वर्षं काढली. अक्काचा विषय निघाला की मी ज्याला त्याला सांगायची, गाणं सुटलं पण गळा गेला नाही बरं, माझ्याकडे पुरावा आहे. मला स्वतःलाच ते बरं वाटायचं. मी शिकले, नोकरी केली, गावातच राहिले, तिच्या वाट्याची पेटीसुद्धा माझ्या घरी. तिचं काही गेलं नाही असं म्हटलं की माझं ओझं कमी व्हायचं.

तर नातवाच्या प्रश्नाला मी पेटी काढून बसले आणि फाईल लावली. सा जुळवला. काळी चार. किंचित खाली असेल, पण काळी चारच. लगेच लिहिलं, "वेग अगदी बरोबर आहे. काही बदलू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी सहज पुन्हा लावलं आणि बरोबर पेटी धरली. तिच्या मागोमाग नुसता यमन वाजवत होते. आता आमच्या या पेटीची एक खोड सांगितली पाहिजे. मधल्या सप्तकाची पांढरी एक कुरकुरते. लहानपणापासून कुरकुरते. बाबांनी एकदा सूर बदलून घेतला, सहा महिन्यांत पुन्हा तेच. गुरुजी म्हणायचे की हिला पडसं झालंय. काळी चारचा सा धरला की यमनात पांढरी एक म्हणजे गंधार. माझ्या हाताखाली गंधार आला की पेटी कुरकुरत होती.

आणि फोनमधली पेटी गंधारावर स्वच्छ होती. ती कुरकुरत होती तीव्र मध्यमावर.

मला आधी वाटलं, कान गेले. तीनदा ऐकलं. तीव्र मध्यमावरच. पेटी तीच, बिघडलेला सूर तोच. मग पांढरी एक जर तीव्र मध्यम होत असेल तर सा कुठे? बोटं मोजत मागे गेले. काळी तीन.

म्हणजे अक्का त्या दुपारी काळी तीनमध्ये गायली होती, आणि कॅसेटवर ती काळी चार होऊन आली होती. पट्टी चढली म्हणजे वेगही वाढला. लाईट गेलेली होती ना! टू-इन-वन सेलवर चालला होता, आणि सेल रेडिओतले काढलेले, जुने. सेल उतरलेले म्हणून भरताना फीत हळू फिरली. संध्याकाळी विजेवर लावली तेव्हा ती नीट वेगाने फिरली, आणि गाणं पळालं. चाळीस वर्षं आम्ही पळालेलं गाणं ऐकत होतो.

पुरावा तर कानाशी होता. पदाच्या शेवटी ह्यांचा आवाज आहे, "झालं का?" असा. तो इतका पोरगेलासा येतो की घरात त्यावरून नेहमी हसायचो. ह्यांचा आवाज खर्जातला, भारदस्त. मी म्हणायची, मशीनमध्ये तुमचा आवाज नीट येत नाही हो. अक्काचा तेवढा नीट येतो, हे मात्र मला कधी विचित्र वाटलं नाही!

नातवाला कळवलं. त्याने विचारलं, "नक्की?" मी पेटीची गोष्ट सांगितली. त्याला ती फार आवडली. त्याने हिशेब केला की एका सुराला सुमारे सहा टक्के, म्हणून दोन सुरांना बारा टक्के चढलेला वेग उतरवायचा. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं पद होणार चार मिनिटं सात सेकंदांचं. सत्तावीस सेकंदांचा फरक. दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल आली.

मी दिवसभर ती उघडली नाही. अंबादेवीला जाऊन आले, बँकेत जाऊन आले, नको ती कामं काढली. रात्री लावली.

ती एकोणचाळीस वर्षांची बाई होती. मुलगी नव्हतीच. आवाज खाली बसलेला, कडेला जरा खरखरीत, वरच्या षड्जाला जाताना आधी दबकणारा. आणि लय... पद मध्यलयीतलं, पण ही प्रत्येक ओळीनंतर क्षणभर थांबते, जसं एखादं जुनं घर दिव्याशिवाय चाचपत चालावं. ठसका कुठेच नाही. रुक्मिणी नवरा निवडते आहे असं वाटतच नाही. यमन तोच आणि अक्षरही बदललेलं नाही, पण ती कुणाला तरी दुरूनच बघते आहे आणि हाक मारायची की नाही ते ठरत नाहीये, असं ते पद. मला त्या झेक परीची आठवण झाली. तीही काळी तीनच. योगायोग आहे, त्यात काही नाही, पण आठवण झाली हे खरं.

मग शेवटी ह्यांचा आवाज आला, "झालं का?" भारदस्त. ह्यांना जाऊन 2011 पासूनची वर्षं झाली. मी तयार नव्हते त्याला.

त्या रात्री मला सारखं वाटत राहिलं की मी तिला त्या संध्याकाळी काय बोलले! काहीच गेलं नाही तुझं, म्हणे. आणि ती नुसती हसली. तिला तर माहीत असणारच की ती काय गायली होती. सा तिने स्वतः धरला होता, काळी तीनवर बोट तिचंच होतं. मशीनने तिला परत मुलगी केलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

सकाळी भाचीला, म्हणजे अक्काच्या मुलीला, अकोल्याला दोन्ही फायली पाठवल्या. काय लिहावं कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. तासाभरात तिचा फोन.

"मावशी, दुसरी कुठून आणली?"

मी सगळं सांगायला लागले. सेल, पेटी, बारा टक्के. तिने मधेच तोडलं.

"अवं मावशी, ही आई आहे. पहिलीतली बाई मला कधी ओळखूच आली नव्हती. तू खूश व्हायचीस म्हणून मी काही म्हणत नव्हते."

"म्हणजे?"

"ही अशीच म्हणायची ना ती. पोळ्या लाटताना. रोज."

मी गप्प झाले. रोज? भाची म्हणाली, रोज म्हणजे रोजच. पहाटे, बाकीचे उठायच्या आत. वाड्याच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघर, तिथे. अगदी बारीक आवाजात, बाहेर ओसरीवर जाऊ नये इतक्या. वर चढवला तर आवाज जातो ना बाहेर, म्हणून खालीच. आणि पोळी उलटायची असली की थांबायची, मग पुढची ओळ.

म्हणजे ते थांबणं!

मी अठरा वर्षं धरून चालले होते की ती मुकी झाली. मी तिला दर दिवाळीत म्हण म्हणायची आणि ती कायले वं म्हणायची, कारण ते पद ती रोज पहाटे म्हणूनच आलेली असायची, तिच्या पट्टीत, तिच्या लयीत. ते मला ऐकवायचं नव्हतं की ऐकवण्याजोगं तिला वाटत नव्हतं, हे आता कोण सांगणार? आणि भाचीला हे इतकी वर्षं ठाऊक होतं, पण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं तिला वाटलं. आईचं पोळ्या लाटताना गुणगुणणं कुणी मावशीला कळवतं का?

"मग तू का नाही शिकलीस?" मी विचारलं.

"मी झोपून ऐकायची," ती म्हणाली.

नातवाला अजून हे सगळं सविस्तर लिहिलेलं नाही. त्याने विचारलंय की पहिली फाईल पुसून टाकू का. मी नको म्हटलं. का नको ते मलाही नीट सांगता येत नाही. ती चुकीची आहे हे खरं, पण त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी ऐकली ती तीच, आणि अक्का हसली ती तीच ऐकून.

गेल्या महिन्यात मी पेटीवाल्याला बोलावून ठेवलं होतं. भाता गळतो आहे, दोन बटणं सैल झाली आहेत आणि पांढरी एक तर आहेच. तो काल आला. सगळी पेटी उघडून बसला आणि म्हणाला, "बाई, हा सूर बदलूनच टाकू, किती वर्षं कुरकुरून राहिला हा." मी म्हटलं, भाता करा, बटणं करा. त्याला राहू द्या.